गाडी गेटवर अडकू नये म्हणून: सॅप, ई-इन्व्हॉइस आणि गेटपास एकमेकांना जोडायचे कसे

चाकण घ्या, रांजणगाव घ्या नाहीतर वाळूज, ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरचा पसारा साधारण सारखाच असतो. बिलं सॅपमध्ये (कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), गेटपासचं अ‍ॅप कोणीतरी जावामध्ये लिहून दिलेलं, वजनकाट्याचा पीसी वेगळ्याच कोपऱ्यात, कस्टमरचं सप्लायर पोर्टल त्याहून वेगळं आणि या सगळ्यांच्या मधे सरकारचं ई-इन्व्हॉइस पोर्टल, जिथे जीएसटीची बिलं नोंदवायची असतात. हे सगळं जोडायचं काम अंगावर आलं की पहिला प्रश्न हमखास येतो, काफ्का घ्यायचं की रॅबिटएमक्यू (एका सॉफ्टवेअरचे मेसेज दुसऱ्यापर्यंत पोचवणारी ही दोन टूल्स)? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. त्याच्या आधी दोन गोष्टी ठरायला लागतात, कुठल्या माहितीचा मालक कोण, आणि आपण विचारलं पण समोरून उत्तरच आलं नाही तर काय करायचं. या दोन्ही ठरल्या की टूल कुठलंही घ्या, चालतं, आणि नाही ठरल्या तर महागातलं महाग टूल घेऊनसुद्धा महिनाअखेरीला अकाउंट्सवाले एक्सेल घेऊन बसलेलेच दिसतात.

मालक कोण ते कागदावर लिहा

खरंच कागद घ्या. एकेका माहितीला एक ओळ. बिल नंबर सॅप देणार. आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा तो ६४ अक्षरांचा नंबर, पोर्टलने मान्य केला तरच खरा. वजन वजनकाट्याचं. गाडी आत कधी आली, बाहेर कधी गेली, हे गेट अ‍ॅपचं. गाडी नंबरवर थोडी भांडणं होतील कारण डिस्पॅचवाला एक टाकतो आणि ट्रान्सपोर्टर ऐनवेळी दुसरीच गाडी पाठवतो, तर तिथे गेटवर जी दिसते तीच खरी असं ठरवून टाका, आणि ती बदलली की ई-वे बिलाचा (माल वाहून नेताना लागणारा सरकारी ऑनलाइन कागद) पार्ट बी, म्हणजे गाडीची माहिती असलेला भाग, अपडेट व्हायलाच पाहिजे हेही त्याच ओळीत लिहा.

मालक ठरला की बाकीच्यांनी कॉपी ठेवायची, बदल करायचा असेल तर मालकाला सांगायचं. आणि "फक्त रिपोर्टसाठीच" असं म्हणत कोणी सॅपच्या टेबलला डायरेक्ट कनेक्शन मागितलं तर देऊ नका, कारण आज वाचायला मागणारा सहा महिन्यांनी लिहायला मागतो, आणि पुढे सॅपचं अपग्रेड आलं की कोणाचं काय फुटलं हे शोधायला तुम्हालाच बोलावतात.

काय आत्ता पाहिजे, काय नंतर चालेल

इथे कसोटी एकच लावायची: यासाठी गाडी उभी आहे का? ज्या कंपनीला ई-इन्व्हॉइस लागू आहे (१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर गेलेले, कायद्याने सूट दिलेले सोडून) तिचं आयआरएनशिवायचं टॅक्स इन्व्हॉइस ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे आयआरएन आणि ई-वे बिल या दोन्हींसाठी गाडी उभी असते. कस्टमरला जाणारी एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, गाडी तिकडे पोचायच्या आत गेली की झालं, नंतर गेली तर वरातीमागून घोडं. ट्रान्सपोर्टरला एसएमएस, एमआयएसचा (मॅनेजमेंटच्या रिपोर्टचा) डॅशबोर्ड वगैरे तर आणखी पाच मिनिटांनी झालं तरी कोणाचं काही अडत नाही.

हे कळल्यावर सगळे असं करतात की गाडी उभी आहे ना, मग सॅपच्या सेव्ह बटणातूनच थेट पोर्टलला कॉल मारू. नका मारू. पोर्टल हळू चाललं की तुमची सॅपची स्क्रीन अडकते, युजर वैतागून पुन्हा सेव्ह दाबतो, आणि ३१ मार्चला संध्याकाळी तर अख्खा देश एकाच वेळी तिथे धडकलेला असतो. बिल सॅपमध्ये सेव्ह होऊ द्या, त्याचा मेसेज क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, टाका, मधली इंटिग्रेशन सर्व्हिस तो उचलून पोर्टलला विचारेल, उत्तर आलं की सॅपला परत लिहील आणि "आयआरएन मिळाला" असा एक इव्हेंट, म्हणजे सगळ्यांसाठीची सूचना, सोडेल, तो गेट अ‍ॅप, एएसएनवाला, एसएमएसवाला आपापला घेतील. डिस्पॅचच्या स्क्रीनवर फक्त स्टेटस दिसायचं, "पाठवलं", "मिळाला", "एरर, हे दुरुस्त करा". सगळं ठीक असेल तर दोन-चार सेकंदात हिरवं होतं, आणि नसेल तर निदान सॅप तरी चालू राहतं.

एक अपवाद सुरुवातीलाच लक्षात घ्या. जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेला, माल डिलिव्हरी चलनावर जातो, त्याला आयआरएन नसतोच, फक्त ई-वे बिल लागू शकतं. त्यामुळे गेट अ‍ॅपमध्ये "आयआरएन नाही तर गाडी सोडायची नाही" असा सरसकट नियम टाकला तर पहिल्याच दिवशी प्लेटिंगला जाणारी गाडी अडकते.

उत्तर आलंच नाही तर

सगळी डिझाइन इथे ठरते, म्हणून जरा सविस्तर. तुम्ही पोर्टलला बिल पाठवलं, ३० सेकंद वाट बघितली, टाइमआउट आला. आता बिल तिथे पोचलं की नाही? माहीत नाही. पोचलंच नसेल, किंवा पोचून आयआरएन तयार झाला असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. "फेल" आणि "माहीत नाही" या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्या तुमच्या टेबलमध्येही वेगळ्या ठेवा. टाइमआउटला फेल समजून युजरला नवीन नंबरचं बिल करायला लावलं तर एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी जमा.

यातून सुटका म्हणजे तेच बिल पुन्हा पाठवलं तरी दुसऱ्यांदा काही घडू नये अशी सोय. गंमत म्हणजे ई-इन्व्हॉइसच्या डिझाइनमध्ये ती आधीपासूनच आहे. आयआरएन म्हणजे विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी नंबर), आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि डॉक्युमेंट नंबर या चारांचा शा-२५६ हॅश, म्हणजे त्यांच्यावरून गणिताने काढलेला ठराविक लांबीचा कोड. रक्कम त्यात नाही, कस्टमर नाही, वेळ नाही. म्हणजे तेच बिल कितीही वेळा पाठवा, आयआरएन तोच येणार, आणि पोर्टल दुसऱ्यांदा नवीन काही न बनवता २१५० नंबरचा एरर देतं, डुप्लिकेट आयआरएन म्हणून, आणि त्याच उत्तरात आधीचा आयआरएन, अ‍ॅक नंबर (पोच क्रमांक) आणि तारीखही परत देतं. तर २१५० आला की लाल रंग दाखवायचा नाही, त्यातला आयआरएन काढायचा, आपल्याकडे "माहीत नाही" म्हणून पडलेल्या बिलाशी जुळवायचा आणि यश म्हणून पुढे जायचं. मात्र ते बिल आपल्याकडे "माहीत नाही" मध्ये नसताना २१५० आला तर थांबा, कोणीतरी हाताने पोर्टलवर जाऊन तेच बिल टाकलंय किंवा नंबर सिरीज दोनदा वापरली गेलीय, ते माणसानेच बघावं.

आता या चावीची, म्हणजे आयआरएन ज्या चार गोष्टींतून बनतो त्यांची, काळजी कशी घ्यायची. तारीख नेहमी भारतीय वेळेनुसार काढा. सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल आणि कोडने तारीख तिथून उचलली तर रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या मधलं प्रत्येक बिल आदल्या दिवसाचं होतं. एरवी हे नाईट शिफ्टपुरतं त्रासदायक, पण १ एप्रिलच्या पहाटे तेच बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं आणि आयआरएनच वेगळा येतो. बिल नंबर १६ अक्षरांच्या आत, सुरुवातीला शून्य, स्लॅश किंवा डॅश चालत नाही. आणि १ जून २०२५ पासून पोर्टल कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाही, सगळं कॅपिटल करून घेतं, तर तुम्हीही आपल्याकडे साठवताना तेच करा, नाहीतर जुळवणी फसते.

कस्टमरच्या पोर्टलला किंवा एसएमएस गेटवेला अशी तयार चावी बहुतेक वेळा नसते. तिथे आपणच एक युनिक आयडी बनवून पाठवायचा आणि रिट्राय करताना, म्हणजे पुन्हा पाठवताना, तोच वापरायचा, प्रत्येक रिट्रायला नवीन आयडी बनवणारा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की रिव्ह्यूमध्ये पहिल्यांदा तेच शोधतो.

मेसेजिंगची बाजू

क्यू घेतली म्हणजे मेसेज एकदाच येईल असं धरू नका. रॅबिटएमक्यू घ्या, काफ्का घ्या, प्रॅक्टिकली "निदान एकदा तरी" येईल एवढंच गृहीत धरायचं, म्हणजे कधीकधी दोनदा येणार. घेणाऱ्याने मेसेज आयडीचं एक टेबल ठेवायचं, त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम), आणि काम आणि या टेबलमधली एंट्री एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आलेला आयडी आधीच असेल तर गुपचूप अ‍ॅक (मिळाल्याची पोच) देऊन सोडून द्यायचं.

पाठवणाऱ्याच्या बाजूला उलटा त्रास असतो. डेटाबेसमध्ये बिल सेव्ह केलं आणि क्यूमध्ये टाकायच्या आत प्रोसेस मेली, किंवा आधी क्यूमध्ये टाकलं आणि मग डेटाबेस रोलबॅक झाला, म्हणजे सेव्ह रद्द झालं. यावर उपाय आउटबॉक्स: बिल सेव्ह करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका आउटबॉक्स टेबलमध्येही ओळ टाकायची, आणि वेगळी छोटी प्रोसेस तिथून उचलून क्यूमध्ये टाकेल. सॅपमध्ये आयडॉक (माहितीच्या देवाणघेवाणीचा सॅपचा ठरलेला नमुना) वापरत असाल तर तो आधी डेटाबेसमध्येच लिहिला जातो, मग बाहेर जातो, त्यामुळे बरंचसं काम फुकटात होतं. फक्त स्टेटस नीट वाचा. ०३ म्हणजे पोर्टला (सॅपच्या बाहेर जायच्या वाटेला) दिला एवढंच, समोरच्याने घेतला असं नाही. परत येणाऱ्या आयडॉकला ५३ म्हणजे पोस्ट झाला, ५१ म्हणजे अडकला, आणि ५१ वाले बीडी८७ (सॅपमधली आयडॉक बघायची स्क्रीन) मध्ये जाऊन कोण बघणार त्या माणसाचं नाव आधीच ठरवा.

क्रमाचं बघा. बिल कॅन्सल केल्याचा मेसेज बिल तयार झाल्याच्या मेसेजआधी आला तर? काफ्कामध्ये एकाच पार्टिशनमध्ये (मेसेजच्या एका कप्प्यात) क्रम टिकतो, त्यामुळे बिल नंबर ही की (कप्पा ठरवणारी खूण) ठेवली तर एका बिलाचे सगळे मेसेज ओळीने येतात. रॅबिटएमक्यूमध्ये एकाच क्यूवर चार कन्झ्युमर (मेसेज उचलणाऱ्या प्रोसेस) लावले की क्रमाची हमी गेलीच. पण खरं सांगायचं तर फक्त क्रमावर विसंबू नका, घेणाऱ्याकडे बिलाच्या अवस्था ठरवून ठेवा आणि कुठून कुठे जाता येतं तेही. कॅन्सलेशनचे नियम तसेही किचकट आहेत, आयआरएन २४ तासांच्या आतच कॅन्सल होतो, त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते कॅन्सल करावं लागतं, आणि एकदा कॅन्सल झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. हे नियम कोडमध्ये एकाच जागी पाहिजेत. ते सॅपमध्ये थोडे, सर्व्हिसमध्ये थोडे आणि गेट अ‍ॅपमध्ये थोडे असे विखुरले की मग देवच वाली.

रिट्राय कधी करायचा हे एररवर ठरतं. नेटवर्क गेलं, ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आला, ४२९ (फार वेळा विचारलं) आला, तर थांबून पुन्हा, प्रत्येक वेळी थांबायचा वेळ वाढवत आणि त्यात थोडा रँडमपणा घालून, म्हणजे पोर्टल परत उठल्यावर तुमचे सगळे मेसेज एकदम त्याच्यावर तुटून पडणार नाहीत. पण पिनकोड त्या राज्याचा नाही असा एरर आला तर शंभर वेळा पाठवून काय उपयोग, तो सरळ डेड लेटर क्यूमध्ये (अडकलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत), कारणासकट, आणि स्क्रीनवर डिस्पॅचवाल्याला समजेल अशा भाषेत. डेड लेटर क्यूला मालक नसेल तर तिथे मेसेज नुसते साठत राहतात, रोज सकाळी ती रिकामी करणं हे कोणाच्या तरी कामात लिहिलेलंच पाहिजे.

आणि टूलचं म्हणाल तर दिवसाला काही शे बिलं असतील तर रॅबिटएमक्यू भरपूर झालं. काफ्का भारीच आहे, पण ते सांभाळायला माणूस लागतो, आणि प्लँटच्या आयटीमध्ये बहुतेक वेळा दोघंच असतात, त्यातला एक प्रिंटर बघत असतो.

वेब सर्व्हिस

इथे फार बोलण्यासारखं नाही. जुनं सॅप किंवा कस्टमरचं सिस्टीम सोप (वेब सर्व्हिसची जुनी पद्धत) मागत असेल तर सोप द्या, भांडू नका, आतल्या आपल्या सर्व्हिसेस रेस्ट आणि जेसनवर (नवी, सोपी पद्धत आणि तिचा डेटाचा नमुना) ठेवा आणि कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कोण काय पाठवणार ते, ओपनएपीआयमध्ये (ते लिहायच्या ठरलेल्या नमुन्यात) लिहून दोन्ही टीमची सही घ्या. नवीन फील्ड वाढवायचं, जुन्याचा अर्थ बदलायचा नाही. रक्कम फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात) कधीच नको, पैशांमध्ये पूर्णांक किंवा डेसिमल. पोर्टलला पाठवायच्या आधी जे घरच्या घरी तपासता येतं ते तपासा: एचएसएनचे (मालाच्या वर्गाच्या कोडचे) अंक, युनिटचे कोड, पिनकोड, तारखेचा फॉरमॅट (सॅप वर्ष-महिना-दिवस असं सलग देतं, पोर्टलला दिवस/महिना/वर्ष लागतं). ई-वे बिलाची मर्यादा साधारण ५० हजार, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख, ही असली आकडेमोड कॉन्फिगमध्ये ठेवा, कोडमध्ये नको.

कोणाला काय करू द्यायचं

अ‍ॅक्सेस कंट्रोल सगळे शेवटच्या आठवड्यात करतात आणि मग सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन युजर देऊन मोकळे होतात. तसं करू नका, सुरुवातीलाच दोन भाग पाडा, मशीन मशीनशी बोलतं ते वेगळं आणि माणूस काम करतो ते वेगळं.

मशीनसाठी प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचं सर्व्हिस अकाउंट, ऑथ २.० (परवानगी द्यायची ठरलेली पद्धत) मधली क्लायंट क्रेडेन्शियल्स पद्धत, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्याच ओळखीवर टोकन घेतं, आणि कमी मुदतीचं टोकन (तात्पुरता प्रवेशपास). टोकन घेणाऱ्याने सही, मुदत आणि ते आपल्यासाठीच काढलंय का, तिन्ही तपासायचं. बरेच जण सही तपासतात आणि तिसरं विसरतात, मग एसएमएस सर्व्हिससाठी काढलेलं टोकन बिलांच्या एपीआयला पण चालतं. ओळखच पटली नाही तर ४०१, ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३, हे दोन नीट वेगळे द्या, कारण ४०१ आला की समोरचा टोकन नवीन घेऊन पुन्हा येतो आणि ४०३ ला त्याने थांबायला पाहिजे. सरकारी पोर्टलचं टोकन ६ तास चालतं, ते एकाच ठिकाणी साठवा आणि सगळ्या वर्कर्सनी तेच वापरायचं, दर बिलाला लॉगिन करू नका.

क्यूवर पण परवानग्या असतात हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. रॅबिटएमक्यूमध्ये प्रत्येक युजरला कॉन्फिगर, राइट आणि रीड अशा तीन वेगळ्या परवानग्या देता येतात. गेट अ‍ॅपला फक्त त्याच्या क्यूवर रीड. सॅपच्या अ‍ॅडॉप्टरला फक्त एका एक्स्चेंजवर (मेसेज आत टाकायच्या दारावर) राइट. गेस्ट युजर मुळात फक्त त्याच मशीनवरून चालतो, तो नेटवर्कवर उघडायची सेटिंग इंटरनेटवर सापडते, ती वापरण्यापेक्षा तो युजरच काढून टाका.

माणसांचं मात्र कामाप्रमाणे ठरवा. डिस्पॅचवाला बिल करतो, कॅन्सल करत नाही. कॅन्सलची विनंती तो टाकेल आणि मंजूर अकाउंट्सवाला करेल, स्वतःची विनंती स्वतः मंजूर करता येणार नाही. गेटवरच्या सिक्युरिटीला बिल नंबर, गाडी नंबर, बॉक्स किती आणि सोडायचं की नाही एवढंच दिसावं, भाव कशाला? हे बटण लपवून होत नाही, एपीआयनेच ती फील्ड्स द्यायची नाहीत.

जिथे मेसेजिंग आणि अ‍ॅक्सेस एकत्र येतात तिथे नेहमीची चूक अशी की युजरचं टोकनच मेसेजमध्ये घालून पाठवतात. मेसेज क्यूमध्ये दोन तास पडून राहिला की टोकन मेलेलं असतं, आणि लॉगमध्ये उमटलं तर दुसरं कोणी वापरतं. मेसेजमध्ये फक्त "कोणी केलं" तो युजर आयडी घाला, परवानगी मेसेज क्यूमध्ये टाकण्यापूर्वीच तपासा, आणि पुढचं काम कन्झ्युमरने स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटने करायचं. ऑडिटला दोन्ही नावं दिसतात.

गेटवर नेट गेलं तर? बिलावरचा क्यूआर कोड सही केलेला असतो, पोर्टलची पब्लिक की (सही तपासायची, सगळ्यांना खुली चावी) गेट अ‍ॅपमध्ये ठेवली तर नेटशिवायही बिल खरं आहे की नाही कळतं. त्यात गाडी नंबर नसतो आणि बिल नंतर कॅन्सल झालं का तेही कळत नाही, त्यामुळे अशी सोडलेली गाडी "ऑफलाइन सोडली" म्हणून वेगळी नोंदवा आणि नेट आल्यावर पडताळा. पोर्टलच बंद पडलं तर दुसऱ्या मान्यताप्राप्त पोर्टलवर जायची सोय असते, पण तिथली नोंदणी आणि क्रेडेन्शियल्स आधी काढून ठेवलेली पाहिजेत. तरीही काहीच चाललं नाही तर गाडी थांबवायची की काय हे डेव्हलपरने ठरवायचं नाही, फायनान्स हेडकडून लेखी घ्या आणि नियम तसाच कोडमध्ये टाका.

चालू करण्याआधी

सँडबॉक्सवर (पोर्टलच्या सरावाच्या कॉपीवर) सगळं हिरवं दिसलं म्हणजे टेस्टिंग झालं असं नाही. मुद्दाम मोडून बघा. तोच मेसेज दोनदा टाका. पोर्टलला कॉल गेल्यावर आणि उत्तर लिहायच्या आधी प्रोसेस मारून टाका, आणि पुन्हा उठल्यावर २१५० नीट पचतो का ते बघा. टोकनची मुदत अर्ध्यात संपवा. सर्व्हरचं घड्याळ १ एप्रिल पहाटे २ वर न्या. कॅन्सल आधी आणि बिल नंतर पाठवा. सॅपच्या बाजूला डब्ल्यूई१९ (आयडॉक टेस्ट करायची स्क्रीन) मधून आयडॉक हाताने सोडता येतो, त्यासाठी खरं बिल करायची गरज नाही.

लॉगमध्ये बिल नंबर आणि एक कोरिलेशन आयडी (एकाच कामाच्या सगळ्या नोंदी जोडणारा नंबर) सॅपपासून गेटपर्यंत एकच पाहिजे, पासवर्ड आणि टोकन अजिबात नको. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवलेली असावी लागतात, ते इन्फ्रावाल्यांना आधीच सांगून ठेवा. मॉनिटरिंगला क्यूमध्ये किती मेसेज आहेत यापेक्षा सगळ्यात जुना मेसेज किती मिनिटांचा आहे हे बघा, दहाच मेसेज असतील पण तासाभरापासून पडून असतील तर बाहेर गाड्यांची रांग लागलेली असणार.

गो-लाइव्ह महिन्याच्या ७-८ तारखेच्या आसपास, मंगळवार-बुधवार बघून, आणि एकाच कस्टमरच्या बिलांपासून. जुनी हाताने टाकायची पद्धत त्या आठवड्यात बंद करू नका, पण एका बिलाला एकच रस्ता, हा फ्लॅग सॅपमध्ये कस्टमर मास्टरवर ठेवा, म्हणजे उलटं फिरवायचं झालं तर डिप्लॉयमेंट लागत नाही, एक टिक काढली की झालं.